हातात दोन-तीन हजार आहेत, घरात काय घ्यावं? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं की तूर विकून, भिशी लागून किंवा मजुरीतून वाचवून हातात दोन-तीन हजार मोकळे राहिले तर घरात काय घ्यावंसं वाटतं. पत्रं आणि व्हॉट्सअॅपवरचे मेसेज मिळून इतके आले की सगळ्यांना उत्तर देणं या अंकात शक्य नाही, राग मानू नका. वाचता वाचता एक गोष्ट मात्र सारखी खटकली. वस्तू किती टिकेल, किती दिसेल, पाहुणे काय म्हणतील हे सगळे विचारतात, पण घरात सगळ्यात जास्त अंग कोणाचं झिजते हे कोणी विचारत नाही. मी उत्तरं देताना आधी तेच पाहिलं. पैसा पहिले तिकडे जावा असं मला मनापासून वाटते.

ताई, भिशीचे तीन हजार लागले मले. हे म्हणतेत मोबाईल बदलू, सासूबाई म्हणते पितळेचा पाण्याचा गुंड घे, माह्या मनात मिक्सर हाय. सयपाक चुलीवरच करतो, सिलिंडर पाहुणे आले का लावतो. तुरीची दाळ शिजाले तास तास लागते. लग्नातला एक कुकर हाय पण तो शिट्टीच देत नाही म्हणून फळीवर टाकून देला. काय घेऊ सांगा.
एक वहिनी, हिंगणघाट तालुका

वहिनी, मिक्सर घ्या, पण त्याच्या आधी फळीवरचा तो कुकर खाली काढा. माझ्या वडिलांचं भांड्याचं दुकान होतं, लहानपणापासून मी बायांना चांगले कुकर मोडीत देताना पाहिलंय आणि प्रत्येक वेळी जीव हळहळायचा. शिट्टी न देणारा कुकर बहुतेक वेळा खराब झालेला नसतो, त्याच्या झाकणाचं रबर कडक झालेलं असते नाहीतर ढिलं पडलेलं असते, मग वाफ बाजूनं निघून जाते आणि शिट्टीपर्यंत जोरच पोचत नाही. ते रबर शंभर-दीडशे रुपयाच्या आत-बाहेर मिळते. तालुक्याला जाल तेव्हा नुसतं माप सांगू नका, झाकणच पिशवीत टाकून न्या, कारण पाच लिटरच्या दोन कंपन्यांची रबरंसुद्धा एकमेकांना बसत नाहीत. सोबत सेफ्टी व्हॉल्व्ह पण बदलून घ्या, इतक्या वर्षांचा जुना नको. आतलं पाणी संपून कुकर तापला की त्या व्हॉल्व्हमधला धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते, कुकर फुटत नाही, म्हणून तिथं खिळा, बोल्ट असलं काही ठोकून काम चालवायचं नाही कधीच. आणि शिट्टी ज्या नळीवर बसते तिचं भोक उजेडात धरून पाहा, पलीकडचं दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर सुईनं मोकळं करा.

आता दाळीचं सांगते. उघड्या गंजात, म्हणजे पातेल्यात, तुम्ही चुलीत कितीही पऱ्हाटी (कापसाच्या वाळल्या काड्या) कोंबली तरी पाणी १०० डिग्रीच्या वर तापत नाही, जास्तीचा जाळ नुसती वाफ करून उडवतो. कुकरमध्ये वाफ कोंडली की आतलं पाणी १२० डिग्रीच्या जवळपास जाते, तासाभराची दाळ पंधरा-वीस मिनिटांत होते. म्हणजे तेवढी पऱ्हाटी कमी, तेवढं वाकून फुंकणं कमी, तेवढा धूर कमी. माझी आई चाळीस वर्षं चुलीपाशी बसली आणि शेवटची दहा वर्षं खोकत राहिली, बिडीला तिनं कधी हात लावला नव्हता. म्हणून धुराची ही गोष्ट मी जरा जोरातच सांगते, कंटाळू नका.

चुलीवर कुकर ठेवताना बुडाला बाहेरून राख-माती कालवून पातळ लेप द्या, काजळी लेपावर बसते आणि घासताना सोबत निघून जाते. पहिली शिट्टी झाली की दोन काड्या बाहेर ओढा, मंद जाळावर राहू द्या, कुकरच्या मुठी जळणार नाहीत आणि शिट्ट्या मोजत बसायचं कामही नाही. दाळ अर्ध्या कुकराच्या वर भरायची नाही, फेस येऊन भोक बुजते. आणि दाळ तरीही टणक राहत असेल तर दोष दाळीचा नसून तुमच्या बोअरच्या पाण्याचा असेल, जड पाण्यातला चुना दाळ नरम होऊ देत नाही. दोन तास भिजवा, चिमटीपेक्षा कमी खाण्याचा सोडा टाका, चिंच-टमाटर शिजल्यावर टाका, आंबटानं पण दाळ आडते, शिजत नाही.

दोनशे-अडीचशेत हे झालं, उरलेल्यात ५०० वॅटचा साधा मिक्सर बसते. पंचवीस बटणं असलेला नको. घेताना एकच विचारा, याची भांडी आणि खालचं, मोटरला जोडणारं रबरी कपलर आपल्या तालुक्यात मिळते का. रोजची चटणी, खोबरं, शेंगदाण्याचा कूट, पाटा-वरवंट्यावरचा अर्धा तास वाचते आणि खांदा वाचतो. मिक्सर मधेच बंद पडला तर दुरुस्तीला नेण्याआधी उलटा करून बुडाशी लाल बटण आहे का ते पाहा, जास्त लोड आला की ते आपोआप उडते, थोडं थंड होऊ द्या आणि ते दाबा, चालू होते. कितीतरी बायांचे शे-दोनशे रुपये नुसत्या या बटणात गेलेत. आणि लाईन कमी दाबाची असली, बल्ब पिवळा दिसत असला, तर त्या वेळी मिक्सर लावूच नका, मोटर जळते.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, गुंड पुढच्या भिशीला नक्की घ्या. सिलिंडर मात्र फक्त पाहुण्यांसाठी राखू नका हो वहिनी, कुकरात दाळ-भात लावायला गॅस फार जात नाही, सकाळची एक वेळ तरी गॅसवर करा.

ताई, आमच्याकडं टिनाचा कूलर हाय. पाणी टाकतानी हाताले झिणझिण्या येते. माय तं चप्पल घालूनच हात लावते. इलेक्ट्रिशियननं टेस्टर लावून पाह्यला, म्हणे थोडीशी लाईन येते, एवढं चालते. फायबरचा नवीन कूलर घ्याचा तं सहा-सात हजार पायजे, तेवढे नाही. काही स्वस्तातलं असन तं सांगा.
एक भाऊ, आर्वी तालुका

भाऊ, तुमचं पत्र वाचलं आणि हातातलं बाकी सगळं बाजूला ठेवलं. हे वाचून होईस्तोवर थांबू नका, उठा आणि कूलरचा प्लग बोर्डातून काढा. बटण बंद करणं पुरत नाही, प्लगच काढा.

"एवढं चालते" असं काही नसते. आज हात कोरडा आहे, पायात चप्पल आहे म्हणून झिणझिण्या आल्या. उद्या अंगणात सडा टाकून ओल्या पायानं माय कूलरपाशी गेली तर तीच लाईन जीव घेईल. आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, पेपरात चार ओळी येतात, कुठं पाणी भरणारी बाई, कुठं खेळता खेळता हात लावलेलं लेकरू. आमच्या गल्लीतलं एक पोरगं वाचलं ते केवळ त्याच्या धक्क्यानं सैल प्लग निघाला म्हणून.

होते काय ते समजून घ्या. कूलरमध्ये पाण्यात बुडालेला छोटा पंप असतो, दोन-तीन उन्हाळे झाले की त्याच्या वायरवरचं आवरण कुजते, कधी उंदीर कुरतडते, मग करंट पाण्यात आणि पाण्यातून टिनाच्या बॉडीत येतो. अर्थिंग धड असतं तर तो जमिनीत गेला असता. पण आपल्याकडं एकतर अर्थिंगच नसते, नाहीतर थ्री पिन प्लगचा तिसरा पाय कापून दोन पायाच्या बोर्डात घातलेला असते. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात ती करंट चांगला घेते, पण मे महिन्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंगच्या सळाखीला सोडून देते, म्हणजे कूलर चालायच्या दिवसांतच अर्थिंग सगळ्यात कमजोर असते.

लोक म्हणतात घरात एमसीबी (जास्त लोडला आपोआप पडणारा खटका) आहे ना, पडते ना ती. एमसीबी तुमच्या वायरसाठी आहे, वायर तापून आग लागू नये म्हणून. १६ अँपिअरच्या एमसीबीला पडायला १६ पेक्षा जास्त करंट लागतो, आणि माणसाचं हृदय बंद पडायला एका अँपिअरचा दहावा हिस्सा खूप झाला. तुम्ही चिकटून मरून जाल आणि एमसीबी शांत उभी राहील.

तुम्हाला घ्यायचा आहे आरसीसीबी. दुकानात काही जण अजून ईएलसीबी म्हणतात. हा काय करतो, तर एका वायरनं घरात गेलेला करंट दुसऱ्या वायरनं तेवढाच परत आला का हे सारखं पाहत राहतो. जरा कमी आला म्हणजे तो कुठंतरी गळतोय, टिनातून, भिंतीतून, नाहीतर माणसाच्या अंगातून, आणि ३० मिलीअँपिअर गळायच्या आत-बाहेर तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात अख्ख्या घराची लाईन तोडतो. घेताना डब्यावर ३० मिलीअँपिअर लिहिलेलं आणि आयएसआयचा शिक्का दोन्ही पाहा. १०० आणि ३०० चे पण मिळतात, ते आगीसाठी असतात, माणसासाठी नाही, स्वस्त आहे म्हणून ते घेऊ नका. साध्या सिंगल फेज घराला दोन पोलचा, २५ अँपिअरचा चालते, कंपनीप्रमाणे हजार ते दोन हजार रुपये. एमसीबी काढायची नाही, दोन्ही राहतात, कारण आरसीसीबी जास्तीच्या लोडला पडत नाही.

लावल्यावर एक गोष्ट हमखास होते म्हणून आधीच सांगून ठेवते. तो सारखा पडायला लागतो, आणि मग मिस्त्री म्हणतो हा पीस खराब आहे, काढून टाकू. काढू देऊ नका. तो पडतोय म्हणजे घरात गळती आहे, नाहीतर कोणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलाय. एक एक लाईन बंद करून शोधायला लावा, बहुतेक कूलरचा पंप नाहीतर बाहेरच्या ओल्या भिंतीवरचा बोर्ड निघेल. पंप दोन-अडीचशेचा येतो, नवाच टाका. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असते, महिन्यातून एकदा लाईन चालू असताना दाबायचं, खटकन पडला पाहिजे.

अर्थिंगचा खड्डा लायसन असलेल्या माणसाकडून करून घ्या, मीठ-कोळसा भरून, आणि मार्चपासून पाऊस पडेपर्यंत त्यात दर चार-आठ दिवसांनी बादलीभर पाणी ओता, काळ्या मातीला हे लागतेच. सगळं मिळून तीन-साडेतीन हजारात बसावं. नव्या कूलरच्या निम्मे, आणि नुसता कूलरच नाही, वॉशिंग मशीन, हीटर, पाण्याची मोटर, घरातल्या सगळ्या लाईनीवर पहारा बसतो. तरीही पाणी टाकायच्या आधी प्लग काढायची सवय मोडू नका.

कूलरचंच निघालं म्हणून अजून दोन शब्द. खोलीची समोरची खिडकी उघडी ठेवा, ओली हवा बाहेर गेली तरच गारवा लागतो, बंद खोलीत नुसतं चिकचिक होते. आणि आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करून आतून ब्रशनं घासा, नुसतं पाणी बदलून भागत नाही, डेंगूचा मच्छर अंडी टाकीच्या भिंतीला चिकटवतो आणि ती सुकून महिने महिने तशीच राहतात, पाणी लागलं की फुटतात.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे ताई, बोअरचं पाणी मचूळ खारट. आठवडी बाजारात एक जण कँडलचा फिल्टर विकतो, म्हणतो अठराशे रुपयात सगळं पाणी गोड होईल. घेऊ का?
एक काकू, दर्यापूर तालुका

नका घेऊ काकू, निदान त्या कारणासाठी तरी नका. कँडल गाळ अडवते, चांगली असली तर बऱ्यापैकी जंतूही अडवते, पण विरघळलेलं मीठ तिच्यातून सरळ पार होते. उकळूनही मीठ जात नाही, उलट पाणी आटते आणि खारटपणा वाढतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या, अमरावती-अकोला-बुलडाण्याच्या या पट्ट्यात पाण्याचा क्षार हाच प्रश्न आहे, तो फक्त आरओनं निघतो, आणि आरओला वीज, नळाचा दाब आणि दरवर्षीचा फिल्टर बदलायचा खर्च लागतो, शिवाय जेवढं गोड पाणी मिळते त्यापेक्षा जास्त वाया जाते.

त्यापेक्षा ते पैसे पावसाचं पाणी धरायला लावा. तुमच्या टिनाच्या पडवीचा १० बाय १० फुटाचा तुकडा जरी घेतला आणि पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर सांडलं-उडालं वजा करून पाच हजार लिटर पाणी येते त्यावरून. पाच माणसांना प्यायला आणि दाळ-भाताला दिवसाला वीस-पंचवीस लिटर लागते, म्हणजे दोनशे दिवसांचं. एवढं साठवायला टाकी मोठी लागते, ती आज होणार नाही, पण पन्हळ, पाइप, तोंडाला सुती पातळाचा दुहेरी तुकडा आणि २०० लिटरचे दोन ड्रम इतक्यात सुरुवात होते, पावसाळाभर ते भरत-संपत राहतात. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, टिनावरची घाण जाऊ द्यायची. ड्रम नवे घ्या नाहीतर खाण्याच्या तेलाचे. फवारणीच्या औषधाचे, केमिकलचे ड्रम बाजारात धुऊन विकायला येतात, कितीही धुतले तरी नाही. झाकण घट्ट ठेवा, आणि प्यायचं उकळूनच प्या.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या वाचकांनी पण हे वाचावं, तुमच्याकडं पाणी चवीला गोड असून त्यात फ्लोराइड असू शकते, ते ना दिसते ना लागते, लेकरांचे दात पिवळे-तपकिरी डागांचे व्हायला लागले की मग कळते. फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. बाजारातल्या पेनासारख्या, पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरला ते ओळखता येत नाही. ग्रामपंचायतीकडं पाणी तपासायची किट असते, गावातल्या काही बायांना तिचं ट्रेनिंगही दिलेलं असते, त्यांना धरा, मग काय घ्यायचं ते ठरवा.

माझी आई ७२ वर्षांची आहे, गुडघ्यानं बेजार. घरात संडास आहे पण भारतीय पद्धतीचा. बसली की उठता येत नाही, म्हणून तिनं रात्रीचं जेवण आणि पाणी दोन्ही कमी केलंय. आम्हाला वाटते तिला खुश करावं, चांगली पैठणी घ्यावी का टीव्ही?
एक मुलगा, ब्रह्मपुरी तालुका

दादा, तुम्ही प्रश्नातच उत्तर लिहिलंय, तिनं पाणी कमी केलंय. तुमच्याकडच्या उन्हात हे फार वाईट आहे, लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, चक्कर, सगळं त्यातूनच येते. संडासच्या भांड्यावर ठेवायचा कमोड स्टूल मिळतो, लोखंडी चौकट आणि मधे भोक असलेली प्लास्टिकची सीट, मेडिकलच्या मोठ्या दुकानात हजार-बाराशेपासून. उंची आईला बसवून पाहा, पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघा काटकोनात आला पाहिजे, बुटका घेतला तर तोच त्रास. पायांना रबरी बूट असल्याशिवाय घेऊ नका, ओल्या फरशीवर घसरते. आणि समोर किंवा उजव्या हाताच्या भिंतीत लोखंडी हँडल पक्कं बसवा, नळ धरून उठायची सवय असेल तर एक दिवस नळ हातात येतो. काठीचा खालचा रबरी बूट झिजलाय का तेही पाहा, वीस-तीस रुपयाचा असतो आणि कोणाचं लक्ष जात नाही.

दुसरं तुम्ही लिहिलं नाही पण मी विचारते, आईला सुईत दोरा ओवता येतो का, तांदळातले खडे दिसतात का? नसेल तर तिला जवळचा चष्मा लागतो, तो बहुतेकांना चाळिशीनंतरच लागायला लागते. तयार चष्मा दीड-दोनशेत मिळतो, दीड, दोन, अडीच असे नंबर, दुकानातच औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला लावून घ्या. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असला तर तो चालत नाही. आणि चष्म्यानंही धूसरच दिसत असेल तर मोतीबिंदू असेल, तिला आधी सरकारी दवाखान्यात दाखवा, ऑपरेशन तिथं फुकट होते. माझ्या आत्यानं कमोड स्टूल आणला त्या रात्री दोन ग्लास पाणी पिऊन झोपली, मला तिचं ते पाणी पिणं अजून आठवते. पैठणी पण घ्या दादा, नंतर घ्या.

धानाच्या बांधीत राहणारे आम्ही, खाली चटईवर झोपतो. यंदा शेजारी एकाला झोपेत साप चावला. घरात काय घेऊन ठेवावं?
भंडारा जिल्ह्यातून

मच्छरदाणी. आजच घ्या. झोपेत चावणारा साप बहुतेक मण्यार असतो, रात्री उंदीर-पाली शोधत घरात येतो, आणि त्याच्या चाव्याचं दुखणं इतकं कमी असते की माणसाला वाटते किडा चावला, सूजही येत नाही, मग पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणं जड होते, श्वास अडकतो. गादीखाली चारही बाजूंनी दाबून खोचलेली मच्छरदाणी सापाला आत येऊ देत नाही, मच्छर तर नाहीच नाही. दोन-चारशेचं काम. मलेरियाच्या गावांत औषध लावलेल्या मच्छरदाण्या सरकारकडून मिळतात, उपकेंद्रात विचारा. पोरांची झोप तरी पहिले बाजेवर न्या, आणि धान घरात उघडं सांडू देऊ नका, धानामागं उंदीर आणि उंदरामागं साप.

रात्रीच्या लाईनीत ओलीत करायला जाणाऱ्यासाठी डोक्याला बांधायची चार्जिंगची टॉर्च आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट घ्या, दोन्ही मिळून हजाराच्या आत. टॉर्च हातात धरली की फावडं कसं धरणार, म्हणून माणूस ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवून देते आणि अंधारात चालते. आणि चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडं एक मिनिटही घालवायचं नाही, हात-पाय हलू न देता १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांच्याही विषावर चालणारं एकच औषध सरकारी दवाखान्यात असते.

दाळीला किडे लागू नये म्हणून गोळ्या ठेवतात त्या कोठीत ठेवू का?
उमरेड तालुका

झोपायच्या घरात नाही, कधीच नाही. ती अ‍ॅल्युमिनिअम फॉस्फाइडची गोळी हवेतला ओलावा घेऊन फॉस्फीन वायू सोडते, दारं लावून झोपलेली कुटुंबं गेलीत त्यानं. दाळ-गहू कडक उन्हात दोन दिवस वाळवा, गार होऊ द्या, आणि हवाबंद पिशवीत भरा, आत दोन प्लास्टिकच्या जाड थैल्या आणि वरून पोतं अशी ती असते, हवा दाबून काढायची आणि एक एक तोंड वेगळं बांधायचं. आतला किडाच श्वास घेऊन हवा संपवतो आणि मरतो. कृषी केंद्रात विचारा. सारखी उघडायची नाही, महिन्याचं काढून डब्यात ठेवायचं.

ताई आमी कापूस वेचाले जातो, किलोवर मजुरी. सांजीले मालकाच्या काट्यावर दरवेळी दोन-तीन किलो कमीच भरते, बोललं तं म्हणते दुसरीकडं जा. आमी सहा जणी आहो. काही घेता येईन का?
वणी तालुका

येईल ना बाई. लटकवायचा डिजिटल काटा मिळतो, मुठीएवढा, खाली हूक, पन्नास किलोपर्यंतचा, तीन-चारशे रुपयात. सहा जणींत वाटला तर एकीला पन्नास-साठ येतात, आणि दोन किलोची तूट एका हंगामात किती होते ते तुम्हीच बोटावर मोजा. घरी आधी तपासून घ्या. पाण्याची २० लिटरची कॅन रिकामी तोला, मग बरोबर वीस लिटर भरून तोला, दोन्हीतला फरक २० किलो आला पाहिजे, नाही आला तर दुकानदाराला परत करा. सेल जुना झाला की आकडा नाचतो, एक जोडी जास्तीची ठेवा.

हा काटा तुमच्या स्वतःच्या खातरजमेसाठी आहे. देण्या-घेण्याचा काटा सरकारी शिक्क्याचाच लागतो, म्हणून मालकाला "आमचाच काटा धर" म्हणू नका, तो तेवढाच मुद्दा पकडेल. वावरातून निघायच्या आधी झाडाच्या फांदीला काटा अडकवून प्रत्येकीचं गाठोडं तोला, पातळाचं वजन वजा करा, आणि जी शिकलेली आहे तिनं वहीत तारीख टाकून सहाही आकडे लिहा. मग मालकाच्या काट्यावरचा आकडा त्याच्यासमोर, त्याच वहीत, शेजारी लिहा. भांडू नका, नुसतं लिहा. आठ दिवसांची वही झाली की सहाही जणी मिळून त्याच्या दारात जा आणि वही वाचून दाखवा. तरी ऐकलं नाही तर त्याच्या काट्यावर शिक्का आहे का ते पाहा, आणि जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात तक्रार द्या, वहीची झेरॉक्स जोडून. काय झालं ते मला कळवा, पुढच्या अंकात जागा ठेवते.